कारण

सकाळी साडेआठला दोन्या नोल्फा येते,
बाह्या कोपराच्या वर सारलेल्या, जणू भांडायलाच.
मनगटापासून वर लाल पुरळ, मानेवरही,
आणि डावी पापणी सुजून डोळा अर्धा मिटलेला.
आमचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा
आणि गुरुवारी येणारा डॉक्टर.
आज सोमवार. प्रश्न मीच विचारते.

साबण बदललात?
तोच आहे, निळा, अकरा वर्षं.
नवी लोकर अंगाला लागली?
मार्चच्या उन्हात कोण विणतं, पोरी?
पीचच्या बागेत गेला होतात, फवारणी चालू असताना?
गुडघे नेतील तर जाईन ना.
घड्याळाचा पट्टा, कानातलं, शिंपले,
गुडघेदुखीची गोळी, मांजर, कोंबड्यांच्या पिसवा...
दारावर आलेल्या विक्रेत्यांना लावावं
तसं ती एकेकाला वाटेला लावते.

फॉर्मवर 'कारण' या शब्दापुढे एक रेघ असते.
तिच्यावर मी आजवर काय काय लिहिलंय!
गव्हाचं भूस. गणिताचा पेपर.
सांतियागोहून जावयाने आणलेली पावडर.
एकदा तर नुसतंच 'उन्हाळा'.

मग ती खिडकीतून टेकडीकडे बघत म्हणते,
बेलार्मीनो रोज बोलायचा त्याच्याशी.
कुणाशी?
लीत्रेशी गं. झऱ्याच्या वळणावरचं, जुनं.
टोपी काढायचा. "शुभ सकाळ, लीत्रेसाहेब."
म्हणायचा, नमस्कार केला की ते झाड उतत नाही.
चव्वेचाळीस वर्षं मी त्याला हसले.

आणि परवा?
परवा पावाच्या भट्टीला सरपण नव्हतं.
त्याची एक फांदी मोडून लोंबत होती,
ओढत आणली, कवेत धरून.
धूर झाला खूप.
नमस्कार केलात?
ती बोटं उलगडून बघते, पुन्हा मिटते.
ऑक्टोबरपासून मी कुणाशीच बोलले नाहीये, पोरी.

मी रेघेवर लिहिते: लीत्रे. चीक आणि धूर.
गार पाण्याच्या पट्ट्या, मलम दिवसातून दोनदा,
उरलेली फांदी जाळायची नाही,
कपडे वेगळे धुवायचे, डोळा चोळायचा नाही.
पापणी आणखी सुजली तर गुरुवारची वाट बघू नका.
ती सगळं नीट ऐकते. ट्यूब पदराआड लपवावी
तशी स्वेटरच्या आत ठेवते.
उद्या येऊ? विचारते.
उद्या यायची गरज नाही खरं तर.
या, म्हणते मी.

संध्याकाळी वळणावर सायकलवरून उतरते.
झाड नुसतं झाड आहे, जाड पानांचं, धुळकट.
तालकाला मी तीन वर्षं शिकले,
प्रमाणपत्र वजनकाट्याच्या वरच टांगलंय.
"शुभ संध्याकाळ," म्हणते हळूच,
आणि मागे वळून बघते, रस्त्यावर कुणी आहे का.

घरी पोचेपर्यंत मनगट खाजायला लागतं.
साबण असेल.
किंवा घड्याळाचा पट्टा.