तोंडाबद्दल काही नाही

पान एकतीसवर तिचे डोळे आहेत:
"गोठायच्या आदल्या दिवशीच्या सरोवरासारखे."
असलं वाक्य लिहून लेखक सुटतो.
मी नळ्या पिळत बसते, करडा, थोडा हिरवा, पुन्हा करडा,
शेवटी तार्तूहून बस पकडून
पेइप्सीच्या काठावर जाऊन उभी राहते,
तो आदला दिवस कधी येतो ते बघत.

नाक पान चव्वेचाळीसवर. भुवईतला एकच पांढरा केस
साठाव्या पानावर डावीकडे, दोनशे बाराव्यावर उजवीकडे.
गालफडं आहेत. शाल आहे, कांद्याच्या सालीत रंगवलेली.
हातांना तर अख्खं प्रकरण:
बर्फाला भोक पाडायची पहार ती कशी धरते,
कोणत्या बोटाला नख उरलेलं नाही.
चारशे सहा पानं. पेन्सिल घेऊन दोनदा वाचली.
तोंडाबद्दल काही नाही.
ओठ जाड की पातळ, दात किती,
चकार शब्द नाही.
नाकीडोळी नीटस म्हणून सगळेच हात झटकतात,
पण हा माणूस पहारीवर अडीच पानं लिहितो!

विचारावं, तर तो मार्चमध्ये गेला.
प्रकाशनातली तीयु म्हणते, शाल ओढ की वर, थंडीच आहे.
ओढली. अग्राफेना दरोडेखोर दिसू लागली.
बाजारात कांद्याच्या वेण्या विकणाऱ्या उस्तिन्याचं तोंड
मी तीन शनिवार चोरून पाहिलं, दर वेळी दोन किलो कांदे घेऊन.
चौथ्या शनिवारी तीच म्हणाली,
काय चिकटलंय का माझ्या तोंडाला?
ते तोंड बसवलं, तर चित्रात उस्तिन्याच आली,
सुटे पैसे मागत.

मग त्याचा धाकटा भाऊ आला, विल्लेम,
धुरी दिलेला मासा कागदात गुंडाळून.
काटे काढता काढता म्हणाला,
तो सहाव्या वर्षीच बहिरा झाला, गोवराने.
तुम्हाला ठाऊक नव्हतं?
आम्ही बोलायचो, तो ओठांकडे बघायचा.
आईचे ओठ कसे होते, ते त्याला सांगता आलं नसतं.
आई काय म्हणाली होती, ते चाळीस वर्षांनी
शब्द न शब्द सांगायचा.

तो गेल्यावर तिसऱ्यांदा हस्तलिखित काढलं.
अग्राफेना साऱ्या कादंबरीत एकोणीस वाक्यं बोलते.
आरशासमोर उभी राहून एकेक म्हटलं.
"मीठ आत आण." "घोडा म्हातारा झाला."
"त्याला सांगू नका."
शेजारणीने भिंत ठोकली.
शहाण्णवाव्या पानावर ती घसरगाडीवाल्या पोराला
एकच शब्द म्हणते: ओओता.
थांब. बर्फ अजून पक्का नाही.
त्यातला ओ लांब आहे. ओठ पुढे येतात,
कडेला दोन बारीक चुण्या पडतात,
खालचा जरासा चिरलेला, कारण वारा.
वारा त्यानेच दिलाय, पान पंच्याण्णव.

विल्लेम चित्र बघायला आला तो हात मागे बांधून.
शाल बरी आहे, म्हणाला.
पांढरा केस उजव्या भुवईत हवा होता.
बोलता बोलता एक पाऊल पुढे आला,
तोंडापाशी पोचला
आणि गप्प झाला.

मग ते पाऊल मागे घेतलं.
पायाखालची फळी करकरली.
आम्ही दोघांनीही खाली पाहिलं.