खळ

मेयोच्या ओपीडीत आमचा नंबर चौसष्ट.
फिजिओवाली पोरगी गळ्यातला टेप काढते,
माझ्या मांडीभोवती गुंडाळते, म्हणते, चौदा इंच.
मी म्हणालो, बाई, पुन्हा मोज.
पन्नास वर्षं कापड मोजलं मी,
टेप सैल धरला की गिऱ्हाईक फसतं.
तिनं पुन्हा मोजलं. पावणेचौदा.

तांडापेठेत आमचा खड्डामाग होता.
कमरेपर्यंत जमिनीत मी, हात वर, पाय खाली,
पावडी दाब, सोड, दाब,
नऊवारीच्या एकेका काठापायी दिवसच्या दिवस.
पोटऱ्या अशा, की गल्लीतली पोरं
चिमटा घ्यायला बघायची, घेता यायचा नाही.
माग विकला त्या साली खड्डा बुजवला,
वर फरशी टाकली, फरशीवर टीव्ही.
पाय राहिले. त्यांना कुणी काम दिलं नाही.

"खुर्चीवरून उठा, बसा. हात न टेकता. अर्धा मिनिट."
मी सात वेळा.
गोपिका दोन वेळा, तिसऱ्याला
हवेत कुणाचा तरी खांदा शोधत खाली बसली.
हसली. "मले कायले मोजता जी,
मी त यायच्यासंगं आली."

पोरगी विचारते, काय जेवता आजी?
"सगळंच खातो न बाप्पा."

सगळंच.
पायऱ्यांवर चप्पल घालता घालता
मी ते सगळंच उलगडायला लागलो,
गुंता सोडवतात तसं, एक टोक धरून.
सावजीचं घर आमचं. रविवारी मटण.
फोडी माझ्या ताटात, मग पोरांच्या, मग पाहुण्यांच्या,
तिच्या वाटीत तर्री, तर्रीत बुडवलेली भाकर.
वरणाचा तळ आम्हाला, वरचं पाणी तिला,
आणि भात, भात, भात.
भाताची खळ सुताला लागते,
सूत ताठ होतं, फणीत तुटत नाही.
माणसाला ती खळ पुरत नाही
हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळावं?

आता ओट्यावर काटा आहे,
भाजीवाल्याकडून जुना घेतलेला.
पोरीनं सांगितलंय, किलोमागं एक ग्रॅम प्रोटीन, वर थोडं.
गोपिका त्रेचाळीस किलो.
हिशेब मी भिंतीवर खडूनं मांडतो,
ताण्याचे धागे मांडायचो तसा:
अंडी दोन, अख्खी. बरबटीची उसळ. ताक नाही, दही.
पाटवडीत बेसनाची कंजुषी नाही.
रविवारी पहिलं ताट तिचं, मी वाढतो.
ती फोडी माझ्याकडे सरकवते, मी परत.
दोघांमध्ये धोटा जातो-येतो
रस्सा गार होईस्तोवर.
भांडण होतं. होऊ दे.

पहाटे पाचला, कारण मे महिन्यात त्यानंतर
नागपूर कुणाला हलू देत नाही,
बरोबर खड्डा होता त्या फरशीवर
दोन खुर्च्या समोरासमोर,
हातात वाळू भरलेल्या बाटल्या.
ऊठ. बस.
गुडघे माझे कटकट वाजतात,
नंदनवारांची सून भिंतीपलीकडून विचारते,
आजोबा, माग परत घेतला का?

चार महिन्यांनी पुन्हा टेप.
माझी मांडी जवळपास तेवढीच,
पोरगी म्हणाली, उतरली नाही हेच खूप.
मी काही बोललो नाही.
गोपिका सहा वेळा उठली. सातव्याला रागावली.

काल संध्याकाळी ती खाली बसून
तुरीची डाळ निवडत होती. लाईट गेली.
मी सवयीनं हात पुढं केला,
गेली दहा वर्षं ती तोच धरून उठते.
अंधारात तिनं त्या हाताकडे पाहिलं असावं.
"हे धरा जी," म्हणाली,
आणि डाळीचं सूप माझ्या हातात देऊन,
कण्हत, माझ्या मागाला शिव्या घालत,
उठली.