चार नंबरचा सेल

ह्यांची वही निळी, रेघांची.
कॉलेजच्या प्रयोगशाळेने निवृत्तीला दिलेल्या शालीपेक्षा
जास्त जपलेली.
पहिल्या पानावर: नई सडक, पेन्सिल सेल चार,
पुन्हा पुन्हा भरता येणारे,
छापील क्षमता दोन हजार.
‘छापील’खाली दोन रेघा.

नंबर माझ्या नेलपॉलिशने घातले,
एक ठिपका, दोन, तीन, चार.
मालूच्या लग्नातली बाटली, रंग कांद्याच्या सालीचा.

दर तीन महिन्यांनी मोजणी.
चार्जर रात्रभर भरतो, रिकामं करतो, पुन्हा भरतो,
आणि चहाच्या आधी हे चष्मा पुसून
आकडा वाचतात, पंचांग वाचावं तसा.
एकोणीसशे चाळीस. एकोणीसशे दहा.
अठराशे साठ.
‘उतरतायत,’ म्हणतात, ‘पण मानाने उतरतायत.’

मे महिन्यात अख्खं लष्कर तापतं
तेव्हा सेल माठाशेजारच्या कोनाड्यात.
मी तिथे पालक ठेवलेली खपत नाही.

थकलेल्याला हलकं काम, हा ह्यांचा कायदा.
कॅमेऱ्यातून टॉर्चमध्ये, टॉर्चमधून रिमोटमध्ये,
शेवटी भिंतीवरच्या घड्याळात.
त्याला घोटभरच लागतं,
तेही सावकाश.

चार नंबर लवकर खचला.
भिंडच्या लग्नाहून आलो त्या रात्री
टॉर्च चालूच राहिला, सकाळपर्यंत ठणठणीत कोरडा.
मग तेराशे, मग बाराशे वीस.
हे त्याला चार्जरमध्ये ठेवताना हळू बोलत,
आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं.

आता सांगून टाकते.
त्या दिवाळीत निमिषने चौघांची आगगाडी केली
आणि नखाने सगळे ठिपके खरवडले.
हे भाजी आणायला गेलेले.
मी वाळलेली बाटली हलवली, दोन थेंब पातळ केले
आणि अंदाजाने नंबर दिले.

पुढची मोजणी:
चार नंबर, अठराशे दहा.
दोन नंबर, बाराशे.
हे खुर्चीत बसले ते उठेचनात. चहा निवला.
‘सावरला गं! हे कुठल्याच पुस्तकात नाही.’
कंपनीला पत्र गेलं, आलेख जोडून,
दोन रेषा एकमेकींना ओलांडतात तिथे लाल वर्तुळ.
उत्तर नाही अजून.
सकाळी पोस्टमन दिसला की हे फाटकापाशी जातात,
काही नाही, कुंड्या बघायला.

सहा वर्षं झाली.
दोन नंबर, जो खरा चार आहे,
किंवा तीन, मला तरी कुठे खात्री,
घड्याळात आहे. वेळ बरोबर दाखवतो.
आणि चार नंबर हे कुणाला देत नाहीत,
निमिषच्या मोटारीलाही नाही.
‘मरून परत आलेला सेल आहे तो,’
माझ्या बीपीच्या मशीनसाठी राखून ठेवलाय.

दर रविवारी हे पट्टा बांधतात, बटण दाबतात,
पट्टा दंडावर फुगत जातो.
‘आकडा येईपर्यंत बोलू नकोस,’ म्हणतात.

मी बोलत नाही.