पहाटे चार वीस

थेडा नोव्हाकच्या वहीत सगळं आहे:
बारा मार्च, चार वीस, ट्रक मागे येताना
पीं पीं पीं, मग लोखंडी दार आदळलं.
कपाटातल्या बशासुद्धा दचकल्या.

टोलेडोच्या नगरसभेत मॉलचा मॅनेजर म्हणाला,
अठ्ठावन्न डेसिबल. नियमात बसतं.
तुमच्या नियमाला झोप लागते का, तिनं विचारलं,
आणि मागच्या बाकावर कोणीतरी हसलं, एकटंच.

तीन बैठका. चौथीत ठरलं:
सकाळी सातच्या आधी ट्रक नाही,
आठ फुटी भिंत, आणि पलीकडून
सीडरची एकवीस रोपं, गुडघ्याएवढी.
भिंतीवर डोकं काढायला अकरा वर्षं, माळी म्हणाला.
थेडा एकोणऐंशीची. तिनं बोटं मोडून मोजलं नाही.

आता चार वीसला जाग येते, तशीच.
दिवा लावून ती वहीत लिहिते: काही नाही.
दुसऱ्या दिवशी, खाली: काही नाही.

ऑगस्टात भिंतीच्या मोरीतून वाकून पाहिलं
तर रोपं पिवळी,
मॉलचा नळ बंद, माळी सुटीवर.
आपला पाइप तिनं मोरीतून पलीकडे सरकवला
आणि पाणी सोडून उभी राहिली
कान देऊन.