छताची पाहणी, सियागंज

चौथ्या जिन्याशी मिरचीचा ठसका संपतो
आणि पत्र्याचं दार कण्हत उघडतं.
"या मॅडम," झोएबभाई बदामवाला म्हणतात, "हे आपलं माळरान."
बत्तीसशे चौरस फूट, कागदावर.
मी टेप सोडते. त्यातून वजा
दोन टाक्या, जिन्याची खोली, सात एसींच्या धडधडत्या पाठी,
आणि एक लिफ्ट, जी कधी आलीच नाही;
तिचं डोकं मात्र बांधून ठेवलंय.

टाचेनं ठोकून बघते स्लॅब. भरीव बोलतो.
एका कोपऱ्यात पोकळ: तिथे फरशीखाली
गेल्या वर्षीचं पाणी अजून भाडं न देता राहतंय.
वीजबिलं बारा महिन्यांची, दोऱ्यात ओवलेली, हळदीच्या वासाची.
मेचा आकडा आला तेव्हा
त्यांनीच मान फिरवली होती.

पूर्व, पश्चिम, उत्तर मोकळी.
दक्षिणेला शेजारचं छत, याच उंचीचं,
मधे हातभर फट, फटीत अंधार.
आणि त्या छतावर खांबाखांबातून वर आलेल्या
सळया. प्रत्येकीच्या टोकाला उलटी बाटली.
"ते कुणाचं?"
"शब्बीरचं. भाऊ माझा."
मग जरा वेळानं, "एकोणीस वर्षं झाली.
मुलासाठी मजला चढवणार होता. मुलगा दारेस्सलामला."

होकायंत्राची सुई ठरेपर्यंत मी गप्प.
सळईची सावली काडीएवढी, ती कुणी धरत नाही.
पण मजला म्हणजे दहा फूट,
आणि डिसेंबरात सकाळी नऊला दहा फुटांची सावली
बावीस फूट लांब पडते,
पुढच्या दोन्ही ओळी गिळते.
आज एकोणीस किलोवॅट. मजला चढला तर बारा.
पंचवीस वर्षांची हमी पॅनेलची असते,
शेजाऱ्याची नाही.

"विचाराल त्यांना?"
झोएबभाई एका बाटलीकडे बघत राहतात. निळी, उन्हानं पांढरट झालेली.
"तुम्ही सावली मोजा. बोलायचं म्हटलं तर
खाली उतरून वीस पावलं आहेत."
कुणी चालायची, ते सांगत नाहीत.

फॉर्मवर रकाना: दक्षिणेकडील अडथळा.
मी लिहिते, 'सध्या नाही',
आणि 'सध्या'खाली रेघ ओढते.

टेप गुंडाळून जिन्यापाशी पोचते
तेव्हा मागून हाक येते,
"मॅडम, दहाच का?
आठ फुटांचा मजला घातला तर?"

"अठरा फूट सावली," मी म्हणते. "एक ओळ वाचेल."

ते बोटांवर काहीतरी मोजू लागतात.