पाय मोडलेला आर

कॉव्हेन्ट्रीत शनिवारी, उड्डाणपुलाखालच्या बाजारात
डेस्मंड पार्जिटर माझ्यासाठी एक खोका बाजूला ठेवतो.
बुटांचा खोका. वर पेन्सिलीनं : घड्याळवाला म्हातारा.
म्हणजे मी.
माझ्या मनगटावर आठ पौंडांचं प्लास्टिकचं घड्याळ,
याचं त्याला फार हसू येतं.

मला घड्याळं नकोच असतात. मला हवा असतो
एनॉक थ्रिप, घड्याळकार, स्पॉन स्ट्रीट.
त्याच्या जाहिराती : वर्तमानपत्रांतून, चर्चच्या पत्रकांतून कापलेल्या,
काही बोटभर, काही वीतभर.
चेहरा कुणी जपून ठेवलेला नाही त्याचा.
उरलंय ते एवढंच : तो स्वतःबद्दल काय म्हणाला,
आणि किती ओळींचे पैसे भरले.

एकोणीसशे दहाची जाहिरात म्हणते, स्थापना १८५१.
तेविसची म्हणते, १८४४.
छत्तीसची, वेलबुट्टीची, म्हणते १८३८ पासून अखंड.
जाहिरात जितकी तरुण
तितकी पेढी म्हातारी.
आमच्या मिरजेतला एक हलवाई असाच
दर दिवाळीला दहा वर्षांनी जुना व्हायचा.
त्याचं हँडबिल मीच जुळवायचो.

एकतीस वर्षं खिळे जुळवले मी,
शिशाची अक्षरं, उलटी वाचत.
मुलगी विचारते, बाबा, तारीख नाही यावर, कळतं कसं तुम्हाला?
मी भिंग देतो. बघ, हा आर.
याचा पाय मोडलाय.
हातातून फरशीवर पडला असणार,
फोरमन म्हणाला असेल, चालतंय, कोण बघतंय.
तारखेच्या कात्रणांवरून ठाऊक आहे,
सत्तावन्न ते साठ राबला तो त्या छापखान्यात.
लंगडा साक्षीदार, पण पळून कुठे जाणार?

मार्चमध्ये पार्जिटरनं एक चिटोरं दिलं.
चहाच्या रंगाचं, कडेला कुणाची तरी कात्री वाकडी गेलेली.
मागच्या बाजूला सलगमचे भाव, आणि
"कालव्यात सापडलेल्या" एवढंच. पुढचं कापलं गेलंय.
पुढच्या बाजूला :

ई. थ्रिप. छत्र्या दुरुस्त करून मिळतील.
घड्याळेही.
श्रीमती गार्लिक यांच्या दुकानी.
कै. गार्लिक यांची हत्यारे व गिऱ्हाईक पूर्ववत.

छत्र्या आधी.
आणि दोन नावं, एकाच मापाची,
मोडका आर थ्रिपच्या वाट्याला.
म्हणजे सत्तावन्न. अडतीस नाही, चव्वेचाळीस नाही, एक्कावन्नही नाही.

रात्री खोका पलंगावर उपडा केला.
अठ्ठावन्न : मोडका आर आता गार्लिकमध्ये.
एकोणसाठ : गार्लिक दोन पॉइंट लहान,
मोडका आर खाली, 'दुरुस्ती'त.
साठ : पूर्वीचे गार्लिक, मुंगीएवढं.
आजवर मला तो एखाद्या बोळाचा पत्ता वाटायचा.
एकसष्टला सगळे आर नवे, दोन्ही पायांवर उभे.
गार्लिक नाही.

अक्षर आपोआप लहान होत नसतं.
ते कसं होतं, मला माहीत आहे :
माणूस काउंटरवर कोपर टेकतो, पावती घडी करून खिशात घालतो,
आणि जाता जाता म्हणतो, ते दुसरं नाव जरा बारीक घ्या.
मी घेतलंय. त्र्याहत्तर साली, एका शिवणक्लासचं,
दोन बायांपैकी एकीचं.
कुठली गेली, का गेली, विचारलं नाही.
नाव आठवायला बसलो तर
फक्त टाइप आठवतो, बारा पॉइंट, मग आठ.

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : हॅना गार्लिक.
हॅना मी दिलेलं. तिच्या नावाला जाहिरातीत जागा नव्हती.
लिहून झाल्यावर कळलं, सवयीनं उलटं लिहिलंय,
उजवीकडून डावीकडे.
मुलगी म्हणाली, खोडा की.
म्हटलं राहू दे. शाई लागायची आहे अजून.

पुढच्या शनिवारी पार्जिटरला सांगितलं,
जुन्या छत्र्यांच्या जाहिराती दिसल्या तर त्याही ठेव.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं,
कानामागची पेन्सिल काढली
आणि खोक्यावर, माझ्या नावाखाली, वाढवलं :
छत्र्याही.