मूठ

शंभर पुंगळ्या.
इल्ताने मोजून आणल्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
पितळ काळवंडलेलं, तोंडाशी काजळी.
"आजी, मूसचा हंगाम पंधरा दिवसांवर आलाय."
ठाऊक आहे, पोरी.
कुह्मोत ऑक्टोबर आला हे मला
भिंतीवरच्या कॅलेंडरआधी बोटं सांगतात.

पुंगळी म्हणजे केवढीशी वस्तू,
करंगळीहून जाड, तर्जनीहून आखूड,
आणि ओल्या साबणासारखी निसटती.
एका हाताने धरायची,
दुसऱ्याने गळ्यात ब्रश फिरवायचा,
तोंडाची कोर मोडायची, आतून आणि बाहेरून,
मग बुडाशी टिकलीचं घर खरवडायचं.
पहिल्या दहांना काहीच वाटत नाही.
विसाव्याला अंगठ्याचा सांधा बोलू लागतो,
चाळिसाव्याला तो ओरडतो.
धरलं तर चावतं, सोडलं तर
घरंगळत जातं टेबलाखाली, थेट कुत्र्याच्या पाण्यात.

वेइक्कोला असलं काही नव्हतं.
त्याचे हात लाकूडतोड्याचे,
पुंगळी त्याच्या चिमटीत बसायची
जशी भोकात खुंटी.
चाळीस वर्षं मी शेजारच्या खोलीत मोजे विणले
आणि ती खरखर ऐकली.
ते काम आहे असं कधी वाटलंच नाही.
वाटायचं, गप्प बसायची ही त्याची रीत.

तो गेला, तेव्हा क्लबचा रौनी आला,
टोपी हातात चुरगळत म्हणाला,
बाकडं विकायचं असेल तर...
मी म्हटलं, विकायचं नाही. शिकव मला.

पक्कड घेतली, पितळावर दात उमटले.
रौनीने ती पुंगळी खिडकीशी नेऊन फिरवून पाहिली
आणि काही न बोलता कचऱ्यात टाकली.
सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.
दोन दिवस बरी, मग कॉफीलासुद्धा रबराचा वास.
बरणीचं झाकण उघडायचं फडकं,
मेलेल्या कुत्रीच्या पट्ट्याचं चामडं,
बाटलीचं बूच पोखरून केलेली टोपी,
ती सातव्या पुंगळीला फुटली.
दुकानातून एक निळा प्लॅस्टिकचा दांडा आणला,
बहुधा कुठल्यातरी मोठ्या पंजाच्या माणसांच्या देशातला.
दोन्ही हातांनी धरावा लागतो.
मग पुंगळीत ब्रश कोणी फिरवायचा?

काल टिकल्यांची डबी शोधताना
खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या परवान्यांच्या तळाशी,
ती सापडली.
गाठाळ बर्चची मूठ, लहान बटाट्याएवढी,
खाली पोलादी खाच, पुंगळीचा काठ सरकून अडकेल अशी,
वर कडेला पितळी स्क्रू.
नवी नव्हती.
लाकूड घामाने काळं झालेलं,
आणि एका बाजूला अंगठा टेकून टेकून
खळगा पडलेला, गुळगुळीत,
वर्षानुवर्षांचा.

मी ती मांडीवर घेऊन बसले.
चहा गार झाला, स्टोव्हमध्ये लाकूड तडतडलं.
कधीपासून, वेइक्को?
दार ओढून घ्यायचास, ते थंडीसाठी नव्हतं तर.
मी कपाटातून आखडल्या हाताने बरणी काढायचे,
तेव्हा माझ्याकडे बघून
तू खिडकीकडे का बघायचास?

त्याच्या खळग्यात माझा अंगठा पोचत नाही.
चाकू घेतला, थोडं अलीकडे
माझ्यापुरतं कोरलं.
त्याचा खळगा तसाच ठेवला.
आता पुंगळी हलत नाही.
साठ झाल्या, ऐंशी झाल्या,
सांधा बोलतो, पण घरच्या माणसासारखा, हळू.

संध्याकाळी इल्ता आली.
मूठ हातात घेतली, उलटसुलट केली,
एक पुंगळी अडकवून पाहिली, सोडवली,
आणि नुसत्या बोटांनीच
पाचसहा साफ करून टाकल्या, बोलता बोलता, न बघता.
"मला नको, आजी. मला काही होत नाही."

नाहीच होत.
ठेवून दे खाली, परवान्यांपाशी.
तेवढा ड्रॉवर कुठला ते बघून ठेव.